पणजीला 'ओळखलंस का?' विचारायचं का?

प्रिय मनू,

गणपतीला गुहागरला आलेला प्रत्येक जण पणजीला 'ओळखलंस का, मी कोण?' विचारतो, मग मीही विचारू का, असं तू विचारलंस. नको. एरवी ही आपल्याकडची लाडाची रीत, त्यावरून गप्पा रंगतात. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची ती चारचौघांत तोंडी परीक्षाच होते. उत्तर सुचत नाही, हे मात्र तिला नीट कळतं.

तू आपणहून सांग, 'पणजी, मी मनू. तुझ्या सुधाची नात.' अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागाला, हिप्पोकॅम्पसला, सुरुवातीलाच इजा होते. तुझं नाव टिकणार नाही, लेकीचं बहुधा टिकलेलं असेल.

नमस्कारही समोरून जाऊन कर. बाजूने येऊन एकदम पायांना हात लावलास तर ती दचकेल. आधी तिची नजर तुझ्याकडे वळू दे, मग शेजारी बस.

एका वेळी एकच छोटं वाक्य. विचारलंस की मनात दहापर्यंत मोज. घाईने तेच शब्द बदलून विचारलं तर तिला तो नवाच प्रश्न वाटतो आणि पहिला अर्धवट राहतो. 'काय खाणार?'पेक्षा ताटलीत मोदक आणि करंजी समोर धर. ओरडू तर नकोसच. म्हातारपणी आधी बारीक, चिरके आवाज ऐकू येईनासे होतात आणि ओरडताना आवाज चिरकतोच. खालच्या पट्टीत, सावकाश बोल.

तिन्हीसांजेला ती 'घरी जायचंय, आई वाट बघत असेल' म्हणेल. 'आई कधीच गेली' असं कुणी सांगितलं की ते दुःख तिच्यासाठी दर वेळी नवं. 'उद्या येईल' ही थापही नको. 'आईची आठवण येतेय? गणपतीला काय काय करायची ती?' असं विचार. पडवीतले दिवे अंधारायच्या आधीच लावा, सावल्यांनी ती बावरते.

आरतीला टाळ तिच्या हातात दे. घरच्यांची नावं विसरलेली माणसंही कितीदा अख्खी आरती म्हणतात! पण पदर ओढत सारखी उठू लागली, तर गलका तिला सोसत नाहीये. माजघरात ने.

आणि एक-दोन दिवसांतच ती एकाएकी फार गोंधळली किंवा सारखी पेंगू लागली, तर 'वाढलं हो तिचं विसरणं' म्हणून कुणी सोडून देता कामा नये. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ यांनीही असं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांग.

तुझा,
बाबा