वसंतात नदीकाठच्या डोंगरवाटेवर ३० किलोमीटर धावायचं आहे. सकाळी आरामात निघून दुपारपर्यंत परत येऊ, वाटेत दोनतीन छोटे ओढे आहेत. शूज वॉटरप्रूफ घ्यावेत का, आणि प्यायला किती पाणी जवळ ठेवावं?

वॉटरप्रूफ घेऊ नका. वसंतात त्या वाटेवर पाय भिजणारच, आणि घोट्यावरून आत शिरलेलं पाणी वॉटरप्रूफ बुटातून बाहेर पडायचं नाव घेत नाही. जाळीचे घ्या, तळव्याची नक्षी खोल असलेले. झालं शूजचं.

खरं तर मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्याच वाक्यामुळे. 'सकाळी आरामात निघून दुपारपर्यंत परत येऊ, वाटेत दोनतीन छोटे ओढे आहेत.' हे वाक्य मी अगदी असंच्या असं आधी ऐकलंय.

आम्ही दोघं होतो. २८ किलोमीटरचा बेत, नदीच्या काठाने १४ वर आणि १४ परत. सातला निघायचं ठरलं होतं, मित्र उगवला साडेआठला, आणि कपडे बदलणं, घड्याळाला सॅटेलाइट सापडणं वगैरे सोपस्कार होईपर्यंत साडेनऊ. पाचव्या किलोमीटरला एक ओढा नदीला मिळतो. त्यात मधोमध एक तिरका दगड होता, माथा कोरडा, काळा, आणि त्यावरून पांढरी शीर गेलेली. त्यावर पाय ठेवून आम्ही न थांबता पलीकडे गेलो. तळाचा गोटा न् गोटा दिसत होता.

वरचं दृश्य अप्रतिम होतं, ते नाकारत नाही. दरी रुंद होते, समोर बर्फाची शिखरं एका ओळीत उभी राहतात, आणि नदी त्यांच्या पायथ्यापासून हिरवट रंगाने येते. तिथे साहेबांनी पाऊण तास फोटो काढले. मी दोनदा म्हटलं, चल. 'अरे, आता काय उतारच आहे!' उतार होता, पण वारा तोंडावर होता. ऊन चढलं की दरीच्या कडांवरची हवा तापून वर जाते आणि तिच्या मागे खालचा वारा दरीत वर चढू लागतो. म्हणजे आधी नदीच्या वरच्या अंगाला गेलेल्या माणसाला दुपारी परतताना तो समोरून खावा लागतो.

अडीच वाजता ओढ्यापाशी आलो तर दगड नव्हता. म्हणजे होता, पण तो असायला हवा तिथे पाण्याला गुळगुळीत उंचवटा आला होता आणि त्याच्या मागे फेस. पाणी मातकट. आणि पाण्याखालून खडखड आवाज येत होता, तळाचे दगड गडगडत चालल्याचा. पाऊस नाही, ढग नाही. बर्फ उन्हात वितळतो ते पाणी ओढ्यात दुपारी-संध्याकाळी पोहोचतं आणि पहाटे सगळ्यात कमी असतं. मोठ्या नदीत, बर्फापासून लांब, हाच फुगवटा आणखी उशिरा येतो, रात्रीसुद्धा. ठेच खाण्याआधीच हे मला ठाऊक होतं, हे मी मुद्दाम सांगतोय.

मित्र म्हणाला, 'सकाळी गेलो ना? मग!' मी म्हटलं, अडीच किलोमीटर वर लाकडी पूल आहे, तिकडून जाऊ. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर मी आत पाय घालत नाही, मग कोणी काहीही म्हणो. तो गेला. चौथ्या पावलाला मांडीपर्यंत, पाचव्याला आडवा, आणि पलीकडच्या झुडपाची फांदी हाताला लागली म्हणून बाहेर. गुडघा सोललेला, फोन मेलेला, त्यातले पाऊण तासाचे फोटोही गेले. मी पुलावरून पाच किलोमीटरचा वळसा घालून पन्नास मिनिटांनी पोहोचलो तेव्हा तो दगडाला टेकून कुडकुडत होता.

आता गंमत अशी की आजही चार लोक जमले की गोष्ट तो सांगतो, आणि त्याच्या गोष्टीत मी 'ओढ्याला घाबरून पाच किलोमीटर पळालेला'. 'मी गेलो ना, काय झालं?' हा त्याचा पुरावा. फांदी होती म्हणून गेलास.

तर तुम्ही: उजाडताच निघा. ओढा ओलांडताना एक खूण धरून ठेवा, एखादा दगड, आणि परतताना तो बुडालेला दिसला तर वाद न घालता पूल शोधा. पूल कुठे आहेत ते घरूनच नकाशावर बघून ठेवा. अंधाराचा हिशेब पळण्याच्या वेगाने करू नका, चालण्याच्या करा, कारण घोटा मुरगळला की तुम्ही चालणारेच आहात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा अजून चालतो: दर ५ किलोमीटरला १ तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. तुमच्या ३० किलोमीटरात एवढा चढ असेल तर सात तास धरा.

पिण्याच्या पाण्याचं राहिलंच. तहान लागेल तसं प्या, धाकाने ढोसू नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम खाली गेलेलं निघालं, आणि त्यात मोठा वाटा जास्त पाणी पिण्याचा होता. किती लिटर न्यायचं ते तुमच्या घामावर आहे, मी कसं सांगू?

हे सगळं बर्फाच्या नदीचं. वर धरण असेल तर माझी वेळापत्रकं विसरा, तिथे पाणी सोडलं की ते पहाटेही चढतं. आणखी एक, जे मी एरवी सांगत नाही: त्या दिवशी मी त्याला एकदाच 'नको' म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणालो नाही, कारण साडेआठपासून डोक्यात राग होता.

तो हे उत्तर वाचणार, मला माहीत आहे. वाच. दगड बुडाला होता.