प्री-ऑर्डरची घाई नको

भावा, डायनासोरचं पार्क चालवायच्या नव्या गेमचा ट्रेलर बघून तो यायच्या आधीच पैसे भरायला निघालास, पण असा हुरळून जाऊ नकोस. डायनासोर देखणे असणारच. ‘जुरासिक वर्ल्ड एव्होल्यूशन’ हा असाच गेम २०१८ मध्ये आला तेव्हा टी-रेक्सची कातडी नुसती बघत बसावी अशी होती, पण पार्कात एक पिल्लू नव्हतं. पिल्लं यायला त्याचा तिसरा भाग, म्हणजे २०२५ उजाडलं.

नव्या गेममध्ये रोजचं काम कसं आहे ते बघ. कुंपण तुटलं, रेंजर पाठवला, पळालेला प्राणी गुंगीचं इंजेक्शन मारून झोपवला, हेलिकॉप्टरनं उचलून आणला. हेच पुन्हा पुन्हा करायला लागलं तर जीव रमेल का? रिलीजनंतर लोकांचं खेळणं बघ, मगच पैसे घाल. तोवर सांगलीत असलास की विश्रामबागला ये, जुना भाग माझ्या पीसीवर खेळून बघ.