शूरा म्हणजे संसद का? आणि ही मजलिस आपल्या मजलशीची कोण?

प्रश्न असा आला आहे: कतारच्या 'शूरा कौन्सिल'ला एका मराठी बातमीत 'संसद' म्हटलं होतं, दुसरीत 'सल्लागार मंडळ'. कुवेतच्या 'मजलिस'ला मात्र सगळे 'संसद'च म्हणतात. यातलं बरोबर काय? आणि ही मजलिस म्हणजे आपली मजलसच का?

दुसरं आधी घेतो, ते सोपं आहे. हो, तीच. अरबीत 'जलस' म्हणजे बसणं आणि 'मजलिस' म्हणजे बसायची जागा. पुढे तिथे बसलेल्या मंडळींनाही तेच नाव पडलं. आपल्या 'बैठक' शब्दाचंही असंच झालं. 'जलसा' त्याच धातूतला, कोर्टातला 'इजलास'ही त्याच धातूतला. फारसीच्या मार्फत मराठीत आल्यावर मजलस गाण्याबजावण्याकडे वळली, जलसा सत्यशोधकांच्या आणि पुढे आंबेडकरी प्रचाराच्या कामी आला. अरबस्तानात मात्र शेखाच्या घरातल्या भेटीगाठींच्या खोलीपासून कायदेमंडळापर्यंत सगळ्याला मजलिस हाच शब्द पुरला. म्हणून नुसत्या 'मजलिस'वरून काहीच ठरत नाही. सौदीतलीही मजलिस आणि कुवेतमधलीही मजलिस, आणि दोघींच्या हातातली सत्ता म्हणाल तर जमीन-अस्मानाचा फरक.

खरी मेख पुढच्या शब्दात आहे. 'शूरा' म्हणजे सल्ला, विचारविनिमय. हिंदी-उर्दूतला 'मशवरा' त्याच घरातला. अरबी कोशांत याच धातूचा एक अर्थ पोळ्यातून मध काढणं असाही दिला आहे. चांगला सल्ला आणि मध यांचं नातं ज्यानं त्यानं लावावं. सौदी अरेबियात राजे फहद यांनी 1992 साली राज्यकारभाराचा मूलभूत कायदा जाहीर केला, त्याच वेळी मजलिस अश-शूराचाही कायदा आला. सुरुवातीला 60 सदस्य होते, आता 150 आहेत, आणि सगळेच्या सगळे राजाने नेमलेले. 2013 साली राजे अब्दुल्ला यांनी त्यात 30 स्त्रिया नेमल्या, म्हणजे पाचवा हिस्सा. ही मजलिस मसुदे तपासते, मत देते आणि ते राजाकडे जातं. राजाने ते मानलंच पाहिजे असं नाही. हिला 'संसद' म्हणणं ही शब्दाची उधळपट्टी आहे. 'सल्लागार मंडळ' हाच नेमका शब्द.

कुवेतमध्ये 2024 पर्यंत वेगळाच कारभार होता. तिथल्या सभागृहाचं नाव 'मजलिस अल-उम्मा', राष्ट्राची सभा. 1962 ची राज्यघटना, 1963 मध्ये पहिली निवडणूक, 50 निवडून आलेले सदस्य. पण आकड्यांपेक्षा तिथला एक शब्द फार बोलका आहे: 'इस्तिजवाब'. यात आपला 'जबाब' लपलाय. इस्तिजवाब म्हणजे जबाब मागणं. आपल्या 'जाब विचारणे'तला 'जाब'ही याच 'जवाब'चा झिजलेला अवतार, तेव्हा भाषांतर आयतंच हातात आहे. घटनेच्या शंभराव्या कलमानुसार कोणताही एक सदस्य पंतप्रधानाला किंवा मंत्र्याला उभं करून जाब विचारू शकतो. त्यानंतर दहा सदस्यांनी मागणी केली तर मंत्र्यावर अविश्वासाचं मतदान होतं. पंतप्रधानावर तसं होत नाही. 'यांच्याशी सहकार्य शक्य नाही' एवढंच मजलिस ठरवू शकते, मग पंतप्रधानाला काढायचं की मजलिसच विसर्जित करायची हे अमीर, म्हणजे तिथला राजा, ठरवतो. पुष्कळ मंत्र्यांनी इस्तिजवाबाची नोटीस आली की मतदानाची वाट न पाहता राजीनामा देणं पसंत केलं.

आणि जानेवारी 2006 मध्ये या मजलिशीनं जे केलं त्याला आखातात तोड नाही. अमीर जाबेर वारले, गादीवर आलेले शेख साद फार आजारी होते. राजघराण्यात तोडगा लांबत गेला तेव्हा मजलिशीनं प्रकृतीच्या कारणावरून अमिराला पदावरून दूर करण्याचा ठराव मतदानानं मंजूर केला, आणि नव्या अमिराच्या नावावर संमतीची मोहोरही तिनंच उठवली. नुसता सल्ला देणाऱ्या सभेच्या हातून हे होत नसतं.

निवडून आलेलं ते सगळं पुरोगामी, असं मात्र समजू नका. स्त्रियांना मताधिकार देणारा वटहुकूम 1999 साली अमिरानेच काढला होता. तो हाणून पाडला निवडून आलेल्या पुरुषांनी. हक्क मिळाला मे 2005 मध्ये, आणि 2009 च्या निवडणुकीत चार स्त्रिया निवडून आल्या.

कुवेतचा दुसरा शब्द 'दीवानिया'. हा तर आपला दिवाणखानाच! घराला लागून असलेली पुरुषांची बैठकीची खोली, तीन बाजूंना गाद्या-लोड, चहा-कॉफी आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा. निवडणुका होत तेव्हा प्रचारही तिथेच चालायचा. 1986 साली अमिरानं मजलिस बंद केली, तेव्हा 1989 च्या अखेरीस माजी सदस्यांनी दर सोमवारी वेगवेगळ्या दीवानियांत लोक जमवून ती परत सुरू करायची मागणी लावून धरली. सभेला बंदी घालता येते, पण कुणाच्या घरी कोण पाहुणा यावा यावर बंदी घालणं त्या समाजात अवघड, म्हणून ही युक्ती. पोलिसांनी तरी अडवायचं ते अडवलंच. पुढे इराकचं आक्रमण झालं आणि 1992 मध्ये निवडणूक झाली.

आता तुमच्या कतारकडे. तिथल्या शूरेचं प्रकरण शब्द जुळवणाऱ्याला फार छळतं, कारण ती बदलत राहिली. 2003 च्या सार्वमतातून आलेल्या घटनेत 45 पैकी 30 सदस्य निवडून येतील असं लिहिलं होतं. ती निवडणूक झाली 2 ऑक्टोबर 2021 ला, म्हणजे अठरा वर्षांनी. एकही स्त्री निवडून आली नाही. उमेदवारी 'मूळ' कतारींनाच, म्हणजे 1930 च्या आधीपासून तिथे राहणाऱ्या घराण्यांना. नागरिकत्व नंतर मिळालेल्याला मत द्यायचं तर त्याचा आजोबा कतारमध्येच जन्मलेला हवा होता. अल-मुर्रा या मोठ्या टोळीतले पुष्कळ लोक यामुळे बाहेर पडले आणि त्यांनी निदर्शनं केली. इथे एक मजेदार गोष्ट दिसते. अरबीत नागरिकाला 'मुवातिन' म्हणतात, 'वतन'वरून. तिथे वतन म्हणजे मायदेश. मराठीत मात्र वतन म्हणजे पिढीजात हक्काची जमीन किंवा पद, आणि ज्याच्याकडे ते आहे तो वतनदार. कतारचा 2021 चा कायदा वाचला की वाटतं, हे लोक अरबी वतनाविषयी बोलताहेत की मराठी?

ते असो. नोव्हेंबर 2024 मध्ये कतारमध्ये पुन्हा सार्वमत झालं आणि सदस्य निवडून द्यायची तरतूदच काढून टाकली गेली. आता सगळे सदस्य अमीर नेमतो. म्हणजे 2021 ची बातमी लिहिणाऱ्यानं 'संसद' म्हटलं असेल तर त्याला थोडा तरी आधार होता. आजच्या बातमीत तसं म्हणणाऱ्याला नाही. त्याच वर्षी 10 मे रोजी कुवेतचे अमीर मिशाल यांनीही मजलिस विसर्जित केली आणि घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित ठेवली. जाब विचारणारी मजलिसही शेवटी अमिराच्या मर्जीनं कुलूपबंद होते. यापूर्वी 1976 आणि 1986 मध्येही तेच झालं होतं.

जॉर्डन, बहरीन, मोरोक्को इथे दोन सभागृहं आहेत आणि खालच्या सभागृहाचं नाव तिन्हीकडे 'मजलिस अन-नुव्वाब'. 'नायब'चं अनेकवचन 'नुव्वाब'; त्यातूनच आपला 'नबाब' आला. एकाच शब्दातून आपल्याकडे नायब तहसीलदारही निघाला आणि जंजिऱ्याचा नबाबही, आणि अरबस्तानात आमदार! बहरीनमध्ये 2002 च्या घटनेनं 40 निवडलेले नुव्वाब आणि त्यांच्या डोक्यावर राजानं नेमलेली 40 जणांची शूरा अशी जोडी बसवली. 'दोन्ही सभागृहं मिळून संसद' असं तिथे म्हणता येईल, पण कोणतं सभागृह ते बातमीत सांगायलाच हवं. मोरोक्कोत 2011 च्या आंदोलनानंतर आलेल्या घटनेनं राजाला पंतप्रधान सर्वांत जास्त जागा मिळवणाऱ्या पक्षातूनच नेमायला लावलं. तरी तिथले लोक खऱ्या सत्तेला 'मखज़न' म्हणतात. मूळ अर्थ कोठार. आपला 'खजिना' त्याच धातूचा. किल्ली कुणाकडे, हे त्या शब्दातच आलं.

याच ओघात 'सुधारणा'. अरबीत 'इस्लाह', म्हणजे बिघडलेलं नीट करणं. त्याच धातूतून आपल्याकडे 'सल्ला' आला आणि 'मसलत'ही. जुन्या कागदांत 'सला करणे' म्हणजे तह करणे. 'हळूहळू' यालाही तिथे 'तदरीजी' म्हणतात, 'दरजा' म्हणजे पायरी यावरून, आणि आपला 'दर्जा' हाच. राज्यकर्त्यांना 'इस्लाह' आणि 'तदरीजी' ही जोडी फार आवडते. जॉर्डनमध्ये एप्रिल 1989 मध्ये मआन गावातून भाववाढीविरुद्ध दंगल उसळली, त्याच वर्षी कित्येक वर्षांनी मोकळी निवडणूक झाली आणि विरोधकांनी भरपूर जागा घेतल्या. 1993 मध्ये 'एका माणसाला एकच मत' हा नियम आला (आधी मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं देता येत), त्याने टोळीच्या उमेदवाराचा फायदा झाला आणि पक्षांचा तोटा. पायरी खालीही उतरते ती अशी. सप्टेंबर 2024 मध्ये 138 पैकी 41 जागा पक्षांच्या याद्यांना राखून ठेवल्या होत्या. इस्लामिक ॲक्शन फ्रंट या विरोधी पक्षाला एकूण 31 जागा मिळाल्या, सगळ्यांत जास्त. पंतप्रधान तरी राजानंच नेमला. (मराठी वाचकाला 'सुलतानशाहीतल्या सुधारणा' हे शब्द कानाला खटकतात त्याला 'अस्मानी-सुलतानी' कारण असावी. ओमानच्या सुलतानांचा त्यात काही दोष नाही.)

तेव्हा लिहिताना माझा ठोकताळा हा: सभागृह जाब विचारू शकतं आणि लोकांनी निवडलेलं आहे, तर 'संसद' किंवा 'कायदेमंडळ'. नुसतं मत कळवतं, तर 'सल्लागार मंडळ'. ओमानसारख्या ठिकाणी, जिथे मजलिस अश-शूरा निवडून येते, एकवीस वर्षांवरच्या सर्वांना 2003 पासून मत आहे आणि 2011 नंतर अधिकारही थोडे वाढले, पण अंतिम शब्द सुलतानाचाच आहे, तिथे मूळ नाव ठेवून पहिल्या उल्लेखात 'निवडून आलेलं सल्लागार सभागृह' असं एकदा सांगून टाकावं.

लेखनाचं विचारलं नाहीत, पण ओघानं सांगतो. अरबी उच्चारात 'शू' दीर्घ आणि 'लि' ह्रस्व आहे, म्हणून परकी नावं म्हणून 'शूरा' आणि 'मजलिस' लिहावं. मराठी शब्द मानून आपले नियम लावले तर दोन्ही उलटतात: 'शुरा' आणि 'मजलीस'. लिंग दोन्हींचं स्त्रीलिंगी ठेवावं. मजलस आपल्याकडे पूर्वीपासून 'भरते', तशी मजलिसही 'बरखास्त झाली'च.