विजेचं बिल जास्त आलंय? आधी मीटरजवळ उभ्या राहा

ताई, रकमेचं टेन्शन बाजूला ठेवा, आधी बिलावरचं चालू आणि मागील रीडिंग बघा. चालू आकडा मीटरशी जुळवा, मीटरचा फोटो काढून ठेवा. मागच्या महिन्यात रीडिंग न घेता सरासरीनं बिल आलं असेल तर राहिलेले युनिट आता एकदम आले असतील. आपल्याकडे महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे महिन्याला १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, पुढच्या टप्प्यात युनिट महाग पडतं. दोन महिन्यांचं रीडिंग एकत्र धरलं असेल तर टप्पेही दुप्पट धरलेत का, हे नक्की तपासा. इथंच माणसं फसतात.

रीडिंग बरोबर निघालं, तर घरातलं सगळं बंद करा, फ्रीज आणि इन्व्हर्टरसुद्धा, पण मेन चालू ठेवा. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत असेल तर कुठंतरी करंट जातोय. आमच्याकडे बोअरच्या तोंडाशी मोटरची वायर सोलली होती, ओल आली की दिवा लुकलुकायचा. असं दिसलं तर स्वतः हात लावू नका, वायरमनला बोलवा.

आणि उन्हाळा विसरू नका. परभणीच्या उन्हात २०० वॉटचा कूलर रोज १२ तास चालला की महिन्याला ७२ युनिट होतात. त्यात बोअरचं पाणी खाली गेलं की टाकी भरायला मोटर जास्त वेळ चालते. आठवडाभर रोज सकाळी एकाच वेळी रीडिंग वहीत लिहा, मग इथं आकडे टाका. आपण मिळून बघू.