कारखाना बंद झाला, नवीन नोकऱ्या आल्या, पण त्या मिळाल्या कुणाला?

प्रश्न: नमस्कार. कुठेही मोठा कारखाना बंद पडला की सरकारचा माणूस येऊन सांगतो, काळजी करू नका, इथे नवीन उद्योग आणतो, हजारो रोजगार देतो. असं खरंच कुठे झालंय का की नुसती वेळ मारून न्यायची? आणि ते ट्रेनिंग देतात त्याने पन्नाशीच्या माणसाला नोकरी लागते का?

उत्तर: झालंय की, बऱ्याच ठिकाणी झालंय. पण टिकलं का आणि कुणाच्या वाट्याला आलं ते विचारा. स्वीडनमधलं उद्देवाला घ्या, तिथलं जहाज बांधायचं यार्ड 1986 ला बंद झालं, सरकारने मदत देऊन व्होल्वोचा कारखाना आणला, तो 1989 ला सुरू झाला आणि 1993 ला बंद! माल्मोमध्ये तर यार्डाच्या जागी आलेला साबचा कार कारखाना 1989 ते 1991 एवढाच चालला. एका मोठ्या मालकाच्या जागी दुसरा मोठा मालक आणून बसवला की गाव परत एकाच्याच भरवशावर राहतं, दुसरं काय होणार.

जर्मनीत बोखुममध्ये कोळशाच्या बंद खाणीच्या जागेवर 1962 ला ओपेलचा कारखाना आला. हा मात्र पन्नास वर्षांवर चालला हे मान्य करायला पाहिजे, 2014 ला बंद झाला.

दुसरा लाडका उपाय म्हणजे टॅक्स माफी. ब्रिटनमध्ये कॉर्बीला पोलाद बनवणं 1980 ला थांबलं आणि पुढच्याच वर्षी तिथे एंटरप्राइझ झोन झाला, कंपन्यांना 10 वर्षं जागेचा स्थानिक कर माफ. कंपन्या आल्या, नाही असं नाही. पण अशा झोनमध्ये काय होतं की जवळपासचीच एखादी कंपनी सवलतीसाठी हद्दीच्या आत सरकते, आकडा नवीन नोकऱ्यांमध्ये धरला जातो आणि पलीकडच्या गावात तेवढ्याच कमी होतात, त्या कुणी मोजत नाही. शिवाय नवीन जागी घेतात कुणाला, तर बहुतेक वेळा तरुणांना आणि कमी पगारावर. भट्टीवर वीस वर्षं काढलेला माणूस बाहेरच. ब्रिटनच्या कोळसापट्ट्यात तर खाणीतून निघालेले कितीतरी लोक आजारपणाच्या भत्त्यावर गेले, त्यामुळे बेकारीचा आकडा होता त्यापेक्षा बरा दिसायचा. म्हणून रोजगार निर्माण झाले असं छापून आलं की माझा पहिला प्रश्न असतो, जुन्या हजेरीपटावरचे किती?

आता ट्रेनिंग. एकट्या कोर्सने पन्नाशीत नोकरी लागेल असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत परदेशी मालामुळे नोकरी गेलेल्यांसाठी 1962 पासून सरकारी योजना होती, ट्रेनिंग आणि सोबत भत्ता, पण 2022 च्या जुलैपासून तिच्यात नवीन अर्जच घेत नाहीत. पेन्सिल्व्हेनियात एकाच कंपनीत बरीच वर्षं काढलेल्या कामगारांचा 1993 ला छापलेला एक अभ्यास आहे, त्यात नोकरी गेल्यावर पाच-सहा वर्षांनीसुद्धा त्यांची कमाई सुमारे 25 टक्के कमीच होती. नोकरी मिळाली म्हणजे भरपाई झाली असं नसतं ते असं.

मग काय चालतं? माझ्या मते वेळ. नोकरी जायच्या आधीचा वेळ, नंतरचा नाही. जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणी एकदम बंद केल्या नाहीत, 1968 ला बऱ्याच खाणी एका कंपनीखाली आणल्या, माणसं या खाणीतून त्या खाणीत हलवली, वय झालेल्यांना लवकर पेन्शन दिली, शेवटची खाण 2018 ला बंद झाली. 1960 च्या दशकातच, ज्या भागात विद्यापीठच नव्हतं तिथे बोखुम, डॉर्टमुंडला विद्यापीठं उघडली, म्हणजे पोरांनी खाणीत जायचंच नाही. खर्च प्रचंड झाला, सबसिडीवरून भांडणंही झाली, आणि तरी त्या भागात बेकारी आजही देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. जादू नाही हो ती. पण खाणकामगार एका रात्रीत रस्त्यावर आला नाही.

स्वीडनचंही चांगलं बघायचं तर मालक आणि युनियन यांच्या करारातून चालणाऱ्या संस्था बघा, 1970 च्या दशकापासून आहेत, पैसा मालकांचा. नोटीस हातात पडली की नवीन नोकरी शोधायला मदत करणारा सल्लागार कामाला लागतो, म्हणजे माणूस अजून पगारावर असतानाच.

तुमच्याकडे असं काही चालू असेल तर नवीन कारखान्याच्या घोषणेमागे धावण्याआधी लेखी विचारून घ्या: बंदची तारीख कोणती, ट्रेनिंग त्या तारखेआधी की नंतर, ट्रेनिंगच्या काळात पगार कोण देणार, आणि सवलत घेणाऱ्या कंपनीवर जुने कामगार घ्यायची अट आहे का. कंपनी मुदतीआधी गेली तर सवलत परत वसूल होणार का हेही विचारा, यावर बहुतेक साहेब विषय बदलतात.