कुट्टीवर इंजिनाऐवजी मोटर

प्रश्न : आमच्या कडबा कुट्टीवर ६.५ एचपीचं पेट्रोल इंजिन आहे. पेट्रोल परवडत नाही. मळ्यात थ्री फेज लाईन आहे. मोटरही तेवढ्याच एचपीची घ्यावी लागेल का? इंजिनाची पुली मोटरला चालेल का? – एक वाचक, ता. अमळनेर

उत्तर : भाऊ, एचपीच्या आकड्यात अडकू नका. इंजिनाच्या पाटीवरचे ६.५ म्हणजे ते जिवाच्या आकांतानं पळेल तेव्हाचे. मोटर मात्र पाटीवर लिहिलंय तेवढं तासन्‌तास ओढते, आणि जाड पेंढी अडली तर क्षणभर दुप्पट जोरही लावते. घरच्या जनावरांपुरता दादर ज्वारीचा कडबा असेल तर ३ एचपी पुष्कळ झाली. माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात पाचशिवाय ऐकत नाहीत असे लोक येतात. वाढीव पैसे त्यांनी खुशाल घालावेत.

खरी भानगड फेऱ्यांची आहे. असं इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांपर्यंत जातं, चार पोलची मोटर साधारण १४४०. समजा, इंजिनाला गिअर नाही, त्यावर ३ इंची पुली आहे आणि कुट्टीवर १२ इंची. म्हणजे पाती ९०० नी फिरतात. तीच ३ इंची पुली मोटरवर चढवली तर पाती ३६० वर येतील आणि कडबा तुटायचा सोडून चघळला जाईल. मोटरवर साडेसात इंची पुली हवी. तुमच्या पुल्या मोजून हेच त्रैराशिक मांडा. तसंही या इंजिनांचा शाफ्ट बहुतेक पाऊण इंची आणि ३ एचपी मोटरचा २८ मिमी, त्यामुळे जुनी पुली बसणारच नाही. बेल्टही वेगळ्या लांबीचा लागेल.

बेल्ट चढवायच्या आधी मोटर नुसती फिरवून बघा. उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा, झालं. डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाईनवर चालू करणारा), ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटर बंद करणारा) आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (तीनपैकी एक फेज गेली की मोटर बंद करणारा) या तिन्हींत काटकसर नको. एक फेज गेलेली मोटर उघडली की काही कॉइल कोळसा झालेल्या दिसतात आणि शेजारच्या अगदी कोऱ्या. उन्हाळ्यात माझ्याकडे अशाच मोटरींची रांग लागते (धंदा चांगला होतो, तो भाग वेगळा). अर्थिंगही करा. इंजिन मात्र विकू नका. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री, आणि म्हशीला दोन्ही वेळा चारा लागतो.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. विहिरीच्या मोटरीला आपण ऑटो स्विच लावतो, लाईट आली की पाणी आपोआप सुरू. तो कुट्टीला चुकूनही लावू नका. लाईट गेली म्हणून कोणी अडकलेला कडबा ओढायला कुट्टीच्या तोंडात हात घालतो आणि तेवढ्यात लाईट येते. साधा स्टार्टर लाईट गेली की सुटतो, हिरवं बटण दाबल्याशिवाय पुन्हा धरत नाही. तोच ठेवा, आणि कडबा घालणाऱ्याचा हात लाल बटणापर्यंत पोचेल अशा जागी ठोका.