बडोद्याच्या सपाट रस्त्यावर सराव करून अलिबाग ते हरिहरेश्वर सायकलने जमेल का?

तुम्ही लिहिलंय की रोज ४० किमी होतात, सायकल गिअरची हायब्रिड आहे, डिसेंबरमध्ये तीन दिवस मोकळे आहेत आणि भीती चढाची आहे. मीही बडोदेकर. दांडिया बाजारातून निघून समा-सावली रोडला वळसा घालून आलो की स्वतःला सायकलस्वार समजायचो. ती हवा रेवदंड्याच्या पुढे उतरली.

जमेल. पण किलोमीटर मोजू नका. अलिबाग-मुरूड ५० किमीच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे सकाळचं पावागडच्या पायथ्यापर्यंत जाणं. तिथे मात्र रस्ता समुद्राकाठून निघतो, टेकडी चढतो, पलीकडच्या गावात उतरतो आणि पुन्हा चढतो. एक चढ फार मोठा नसतो हो, पण संपतच नाहीत. डावीकडे फणसाडचं जंगल, उजवीकडे पाणी. झाडीत वारा लागत नाही म्हणून आपण निवांत असतो, आणि वळण घेऊन उघड्यावर आलो की आडवा झोत बसतो. साळावच्या पुलावर मी चक्क उतरून चाललो, कारण कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या बॅगा लावल्या होत्या आणि वारा त्यांना शिडासारखा धरत होता. सामान कमी न्या, मागे उभं न बांधता आडवं बांधा.

वाऱ्याचा हिशोब एकदा समजून घ्या. तुम्ही ताशी २० किमीने जाताय आणि समोरून २० चाच वारा आहे, तर अंगावर ४० चा येतो, आणि हवेचा विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून दिशा महत्त्वाची. हिवाळ्यात दुपारी तिथला वारा बहुधा वायव्येकडून येतो. उत्तरेकडून दक्षिणेला, म्हणजे तुम्ही ठरवलंय तसंच जा. तो पाठीशी नाहीतर खांद्याशी राहतो. परतीला सायकल गाडीवर टाका. मी हौसेने उलटा आलो होतो. चढ आणि समोरून वारा, दुष्काळात तेरावा महिना.

सरावाचं म्हणाल तर बडोद्यात दोन्ही गोष्टी मिळतात, फक्त वेगवेगळ्या. वारा हवा असेल तर पादरा-जंबुसर रोडने कावी-कंबोईला जा. खंभातच्या आखाताचा किनारा आहे, भरतीला स्तंभेश्वराचं मंदिर पाण्याखाली जातं. रस्ता सपाट, पण शेवटच्या उघड्या टप्प्यात समुद्राचा वारा काय असतो ते कळतं. चढासाठी हालोलहून शिवराजपूर-जांबुघोडा. साग-मोहाच्या जंगलातला तो वरखाली रस्ता कोकणाच्या सगळ्यात जवळचा. पावागडला माचीपर्यंतचा घाट एकदा कराच, पण रविवारी नको. जीप आणि यात्रेकरूंच्या गर्दीत ब्रेक दाबूनच बोटं दुखतात. येताना सेव उसळ खाल्लीत तर सराव पूर्ण.

गिअरचं सांगतो. पुढचं सगळ्यात छोटं चक्र २८ दातांचं आणि मागचं मोठं त्याहून जास्त दातांचं असेल तर बसूनच चढाल. चढ दिसल्यावर नाही, सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा, नाहीतर दाब असताना चेन अडकते. निघण्यापूर्वी ब्रेकची रबरं बदला. उतारावर ब्रेक सलग दाबून धरू नका, दाबा आणि सोडा.

मुक्काम पहिला मुरूडला, दुसरा दिवेआगरला. दिवेआगर ते श्रीवर्धन शेखाडीवरून जाणारा रस्ता अगदी समुद्राला लागून आहे. तिथे घाई करू नका, सगळी सहल त्याच्यासाठी आहे. मुरूड आणि दिवेआगरच्या मध्ये आगरदांडा-दिघी फेरीबोट लागते, सायकल चढवता येते. शेवटची बोट किती वाजता आहे ते मुरूडलाच विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं, आणि धक्क्यावर पोचलो तेव्हा ती पलीकडे निम्म्यावर गेली होती. मग मुरूडपर्यंत अंधारात परत, तेही वाऱ्याच्या तोंडावर.